सँटोरिनीत कॅटामरानने फिरायचंय? आधी वारा बघा, मग बोट

ग्रीसला निघालेलं ओळखीतलं कुणी ना कुणी दरवर्षी मला एकच प्रश्न विचारतं, सँटोरिनीतली ती कॅटामरानवाली क्रूझ घ्यावी का, पैसे वसूल होतात का. मी ती दोनदा केली आहे. पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो, आणि दुसऱ्यांदा सासूबाई, सासरे, नणंद आणि तिची दोन मुलं असं सगळं लटांबर बरोबर होतं. त्यामुळे दोघांसाठी काय बघायचं आणि घरच्या सगळ्यांना घेऊन जाताना काय बघायचं हे दोन्ही अनुभवाने कळलंय, ते इथे सगळं सविस्तर लिहिते. उत्तर हो आहे, घ्याच. पण बहुतेक लोक बोटीचे फोटो बघून बुकिंग करतात, आणि तो दिवस चांगला जाणार की वाया, हे खरं तर वारा ठरवतो आणि बोटीवर किती माणसं आहेत ते ठरवतं. बोट किती नवी, गाद्या किती पांढऱ्या याने फारसा फरक पडत नाही.

आधी थोडं समजून घ्या की ही क्रूझ म्हणजे नक्की काय, कारण क्रूझ म्हटलं की आपल्याकडे लगेच ते हजारो माणसांचं जहाज डोळ्यासमोर येतं. हे तसं अजिबात नाही. कॅटामरान म्हणजे दोन लांब निमुळत्या होड्या शेजारी शेजारी ठेवून वरून एकच रुंद डेक टाकल्यासारखी बोट, पुढच्या बाजूला दोन्हींच्या मधे जाड जाळी ताणलेली असते, तिच्यावर आडवं पडलं की खाली थेट समुद्र दिसतो. रुंद असल्यामुळे ती साध्या शिडाच्या बोटीसारखी एका अंगावर कलत नाही, म्हणून वयस्कर माणसांना आणि पहिल्यांदा बोटीत बसणाऱ्यांना ती सोपी जाते. क्रूझ पाचेक तासांची असते, जेवण बोटीवरच बनतं, तीन ठिकाणी थांबून पाण्यात उतरता येतं.

आणि सँटोरिनीच का, तर हे बेट म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीच्या तोंडाची उरलेली कड आहे. इ.स.पू. १६००च्या सुमारास इतका मोठा उद्रेक झाला की बेटाचा मधला भाग खाली बसला आणि त्यात समुद्र शिरला. फिरा आणि इया ही पांढरी गावं त्या कड्याच्या माथ्यावर आहेत. गावातून तुम्ही वरून खाली बघता, तेही सुंदरच आहे, पण तीनशे मीटरचा तो कडा कशाचा बनलाय हे पाण्यावरूनच कळतं. आपल्या सह्याद्रीत कसे कड्यावर आडवे थर दिसतात, तसेच थर इथे, फक्त रंग वेगळे, खाली काळा, मधे तांबडा, मग राखाडी आणि सगळ्यात वर त्या उद्रेकात पडलेल्या राखेचा आणि प्युमिसचा, म्हणजे सच्छिद्र हलक्या दगडाचा, फिकट जाड थर, आणि गावं त्याच्याही वर. सासरे सिव्हिलचे, ते तर अर्धा तास नुसते मान वर करून तेवढंच बघत बसले होते.

महिना कोणता

बोटी साधारण एप्रिलपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत चालतात. आपल्या शाळांच्या सुट्टीच्या हिशोबाने बघितलं तर मेचा दुसरा पंधरवडा आणि जूनचे पहिले दहा दिवस सगळ्यात बरे, गर्दी बेताची असते, ऊन छान असतं, फक्त पाणी थंड असतं, मेमध्ये १९-२० अंश म्हणजे आपल्या कोकणातल्या समुद्राची सवय असलेल्या माणसाला पहिली उडी मारल्यावर श्वास अडकल्यासारखं होतं. मुलांच्या शाळेचा प्रश्न नसेल तर सप्टेंबर घ्या, त्याला तोड नाही, समुद्र उन्हाळाभर तापून २४-२५ अंशांवर आलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर दिवाळी कधी आहे ते आधी बघा, ऑक्टोबरच्या मध्यात असेल तर जमतं, महिना संपत आला की बऱ्याच बोटी आणि हॉटेलं बंद व्हायला लागतात.

जुलै-ऑगस्टचं वेगळं सांगते. त्या दोन महिन्यांत एजियन समुद्रावर उत्तरेकडून एक कोरडा, जोरदार वारा वाहतो, त्याला तिकडे मेल्तेमी म्हणतात. आकाश निळंशार, ढग औषधाला नाही आणि तरी समुद्र खवळलेला, हे आपल्याला पटकन पचत नाही कारण आपल्याकडे खवळलेला समुद्र म्हणजे पावसाळा. हॉटेलच्या बाल्कनीतून सगळं शांत दिसतं आणि मेसेज येतो की आज बोट नाही. म्हणून हवामानाच्या अ‍ॅपवर सूर्य दिसला की खूश होऊ नका, वाऱ्याचा आकडा बघा.

सुट्टीतल्या कोणत्या दिवशी

सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर. क्रूझ नेहमी सँटोरिनीतल्या पहिल्या पूर्ण दिवसाला बुक करा. शेवटच्या दिवसाला कधीच नाही.

आम्ही पहिल्यांदा नेमकं उलटं केलं होतं. वाटलं, शेवट गोड करू, निघायच्या आदल्या दिवशी क्रूझ ठेवली. आदल्या संध्याकाळी साडेसातला मेसेज आला की बंदराने उद्यासाठी मनाई केली आहे, पैसे परत देतो किंवा परवा या. परवा आमची अथेन्सला परतायची फेरीबोट होती. पैसे मिळाले, क्रूझ गेली, आणि पुढचा अख्खा दिवस आम्ही फिराच्या कड्यावर बसून रिकामा समुद्र बघत काढला. ती क्रूझ मग वर्षभराने वेगळा घाट घालून केली. तिसऱ्या खेपेला घरच्यांना घेऊन गेलो तेव्हा पहिलाच दिवस धरला, आणि खरंच वाऱ्यामुळे ती एक दिवस पुढे ढकलली गेली, पण पुढे दोन दिवस हातात होते म्हणून कुणालाच त्रास झाला नाही.

ही मनाई कशी चालते तेही माहीत असलेलं बरं. वारा वाढला की तिकडचं कोस्ट गार्ड बोटींना निघायला बंदी करतं, ग्रीकमध्ये त्याला आपागोरेफ्तिको म्हणतात, हा शब्द हॉटेलात कानावर पडला की समजायचं. बोटवाल्याच्या हातात काही नसतं, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. वारा मोजायचं तिकडचं माप बोफर्ट. ३ म्हणजे झुळूक, मस्त. ४ म्हणजे तासाला २० ते २८ किलोमीटर, शिडं उभारता येतात, बोट जराशी नाचते, हाच खरा मजेचा वारा. ५ म्हणजे २९ ते ३८, इथे नाजूक पोटाच्या लोकांनी विचार करावा. आणि ६च्या घरात, म्हणजे ४०च्या आसपास गेला की छोट्या बोटी बंद होण्याची शक्यता धरूनच चाला. विंडी नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात सँटोरिनी टाकून चार दिवस आधीपासून बघत जा. वाऱ्याची दिशाही बघा, उत्तरेचा वारा असेल तर इयाकडची बाजू खडबडीत असते आणि दक्षिणेचे किनारे आडोशाला येतात, त्यामुळे कॅप्टन थांबे इकडचे तिकडे करतो. तसं केलं तर फसवलं असं समजू नका, तो तुमच्या पोटाचाच विचार करत असतो.

सकाळ की सूर्यास्त

बहुतेक बोटी दिवसात दोन फेऱ्या करतात, एक सकाळी साडेनऊ-दहाला निघून दुपारी तीनपर्यंत, दुसरी दुपारी अडीच-तीनला निघून सूर्यास्तानंतर परत. वेळ महिन्याप्रमाणे सरकते, कारण जून अखेरीस तिथे सूर्य मावळायला साडेआठ वाजून जातात आणि सप्टेंबर अखेरीस सव्वासातच.

सगळे सूर्यास्ताचीच मागतात, आणि ती महाग असते. माझं मत विचाराल तर दोघंच असाल, किंवा मोठी माणसं असाल, तर सूर्यास्ताची घ्या आणि मन मोकळं करून घ्या. इयाच्या किल्ल्यावर सूर्यास्ताला जी गर्दी होते ती दादरच्या ब्रिजवर संध्याकाळी असते तशी, पाय ठेवायला जागा नाही, आणि तुम्ही त्याच सूर्याला खालून पाण्यावरून बघत असता, आजूबाजूला दहा-बारा माणसं आणि शिडाची फडफड. पण बरोबर लहान मुलं असतील तर सकाळची. मुलं दुपारी पेंगतात, पाण्यातून दुसऱ्या-तिसऱ्यांदा निघाल्यावर उतरत्या उन्हात कुडकुडायला लागतात, आणि सूर्यास्ताच्या नेमक्या वेळी रडायला लागतात. सकाळी वाराही बऱ्याचदा दुपारपेक्षा कमी असतो. नणंदेच्या धाकट्यासाठी आम्ही सकाळची घेतली आणि संध्याकाळी सगळे निवांत झोपलो.

बुकिंग करताना काय विचारायचं

स्मॉल ग्रुप हे शब्द सगळेच लिहितात, त्याला काही अर्थ नाही. थेट आकडा विचारा, माझ्या फेरीला जास्तीत जास्त किती प्रवासी असणार. दहा-बारा असतील तर जाळीवर जागा मिळते, शिडीवर रांग लागत नाही, कॅप्टन बोलतो. अठराच्या पुढे गेलं की जागा धरायची धडपड सुरू होते, टॉवेल टाकून ठेवणं वगैरे. त्याच बोटीवर स्वस्त आणि महाग अशा दोन वर्गांच्या फेऱ्या असतात, फरक बहुतेक माणसांच्या संख्येचा आणि जेवणाचा असतो, त्यामुळे वरचे तीस-चाळीस युरो कशाचे ते विचारा, आणि ते माणसं कमी करण्याचे असतील तर खुशाल द्या.

भाव सीझनप्रमाणे हलतात, पण माणशी शंभर-सव्वाशे युरोपासून पुढे दोनशेच्या आसपासपर्यंत अशी मनाची तयारी ठेवा. सात-आठ जण एकत्र असाल तर अख्खी बोट आपल्यापुरती घेण्याचा भावही विचारून ठेवा, सीझनच्या कडेला, म्हणजे मेच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरात, फरक वाटतो तेवढा नसतो, आणि मग जेवण, थांबे, गाणी सगळं आपल्या मनासारखं.

बाकी प्रश्न एकाच मेसेजमध्ये विचारून टाका. हॉटेलवरून न्यायला-आणायला गाडी आहे का, बोट कुठल्या बंदरावरून निघते आणि कुठे सोडते, वाऱ्यामुळे रद्द झाली तर पूर्ण पैसे परत मिळतात की फक्त दुसरी तारीख देतात, आपल्याकडून रद्द केलं तर किती तास आधीपर्यंत, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का. लेखी उत्तर येऊ द्या, फोनवरचं ठरलेलं बंदरावर कुणाला आठवत नाही.

बंदराचा प्रश्न का, तर दक्षिणेला व्लिहाडा नावाची छोटी मरिना आहे तिथे गाडी अगदी धक्क्यापर्यंत जाते, एक फळी ओलांडली की बोटीत. उत्तरेला इयाच्या खाली अमूदी आहे, तिथेही गाडीरस्ता आहे, पण इयातून पायऱ्यांनी उतरायला गेलात तर तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि परत येताना त्या चढायच्या असतात. सासूबाईंचे गुडघे बघता आम्ही व्लिहाडाच घेतलं. फिराच्या खालच्या जुन्या बंदराला तर ५८८ पायऱ्या आहेत, तिथे केबल कार आहे पण मोठी जहाजं आलेली असली की तिच्यासमोर तासतासभर रांग लागते, कुणी तिथून निघणारी फेरी देत असेल तर वयस्करांसाठी नको म्हणा.

पोचायचं कसं हे थोडक्यात. अथेन्सहून विमानाने पाऊण-एक तास, किंवा अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून फेरीबोट, वेगवान फेरीला पाचेक तास, मोठ्या संथ फेरीला सात-आठ. मोठी संथ वाऱ्यात कमी हलते आणि स्वस्तही पडते. भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो, प्रौढांना ९० युरो फी, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा एप्रिलमध्ये जागे होऊन मेची अपॉइंटमेंट शोधू नका. जर्मनी-नेदरलँडला राहणाऱ्या आपल्या लोकांकडे तिथलं रेसिडन्स परमिट असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, इंग्लंडवाल्या भारतीय पासपोर्टधारकांना मात्र लागतो. क्रूझचे पैसे भरताना रद्द करायची मुदत व्हिसा हातात येण्याच्या तारखेनंतरची असेल असं बघा.

जेवणाचं

बोटीवर मागच्या बाजूला कठड्याला एक छोटी ग्रिल लावलेली असते, आणि तिच्यावर चिकन, पोर्क, कोळंबी भाजतात. बरोबर ग्रीक सॅलड, त्झात्झिकी म्हणजे काकडी-लसणाची घट्ट दह्यातली कोशिंबीरच, द्राक्षाच्या पानात भात भरून केलेले डोल्मादेस, पास्ता, ब्रेड, फळं. तिथली पांढरी वाइन असिर्तिको नावाच्या द्राक्षाची, ती बहुतेक ठिकाणी धरलेलीच असते.

शाकाहारी असाल तर नुसतं व्हेज लिहून थांबू नका, तिकडे व्हेज म्हणणारी काही माणसं मासे खातात. मांस नको, मासे-कोळंबी नको, अंडं नको, असं एकेक लिहा आणि भाज्या ग्रिलवर आधी, मांसाच्या अगोदर भाजून द्या असं सांगा. ग्रिल एकच असते, नंतर सांगितलं तर ती तशीच वापरली जाते, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही कारण कुणी सांगितलेलंच नसतं. आम्ही आधी सांगितलं होतं तर बोटीवर स्वयंपाक करणाऱ्या मुलीने सासूबाईंना बोलावून दाखवलं, स्वच्छ घासलेली ग्रिल, वर फक्त वांगी, झुकिनी, मिरच्या आणि हलूमी चीज. जैन मंडळींनी एक शब्द लक्षात ठेवावा, निस्तीसिमो, म्हणजे ग्रीक लोकांचं उपासाचं खाणं. त्यात मांस, अंडं, दूधदुभतं काही नसतं. पण कांदा-लसूण असतो, आणि कोळंबी, कालवं त्यांना उपासाला चालतात, त्यामुळे तेही वेगळं सांगायचं. बोटीबाहेर जेवताना सँटोरिनीचं फावा मागवा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण समजा, वरून ऑलिव्ह तेल आणि कांदा, सासऱ्यांनी चार दिवस रोज खाल्लं. आणि टोमॅटोची भजी, तोमातोकेफ्तेदेस, ती तर आपलीच.

निघण्याआधी उपाशी राहू नका आणि भरपेटही खाऊ नका. टोस्ट, केळं, एवढंच.

पोटात ढवळणं

कॅटामरान कलत नाही, पण समोरून लाट आली की दोन्ही होड्यांच्या मधे पाणी आपटून खालून धप्प असा हादरा बसतो, आणि काहींना त्यानेच मळमळतं. घाटात गाडी लागणारी माणसं असतील त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून आधी घ्यावी, आपल्याकडची आव्होमिन चालते पण ती निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते, ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. तिने झोप येते आणि तिच्यावर वाइन घ्यायची नाही. वयस्करांना प्रोस्टेटचा किंवा डोळ्याच्या प्रेशरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. मी पुण्याहून आलेपाकाच्या वड्यांचं एक पाकीट नेलं होतं, ते आमच्यापेक्षा बोटीवरच्या दोन स्पॅनिश मुलींना जास्त उपयोगी पडलं.

जागेचंही आहे. वारा असताना पुढच्या जाळीवर जाऊ नका, तिथेच सगळ्यात जास्त उसळी असते. मागे, मध्यभागी बसा, नजर लांब क्षितिजावर ठेवा, मोबाइल बंद. खालच्या केबिनमध्ये जाऊन आडवं पडावंसं वाटेल, तेवढं करू नका, खाली गेलं की हमखास वाढतं.

पोहता येत नसेल तर

आपल्याकडचे खूप जण इथे येऊन बोटीवरच बसून राहतात, मला फार वाईट वाटतं, कारण पाण्यात उतरायला पोहता यायलाच हवं असं नाही. भूमध्य समुद्राचं पाणी आपल्या अरबी समुद्रापेक्षा थोडं जास्तच खारट आहे, माणूस चांगला तरंगतो, भरती-ओहोटी जवळजवळ नाही, आणि लाइफ जॅकेट घातलं की बुडायची भीती बरीच कमी होते. क्रूला सरळ सांगा की पोहता येत नाही, ते फोमच्या लांब नळ्या देतात, शिडीच्या जवळ दोरी सोडतात. शिडीवरून पाठमोरं उतरा, आधी कमरेपर्यंत, एक मिनिट थांबा, मग सोडा. सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या, आयुष्यात गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या नव्हत्या, त्या शिडीचा दांडा धरून दहा मिनिटं तरंगल्या. वर आल्यावर काही बोलल्या नाहीत, थोड्या वेळाने म्हणाल्या, परत कधी थांबणार आहे गं?

कपड्यांचा संकोच असेल तर पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट आणि गुडघ्याखालपर्यंतची स्विमिंग लेगिंग घ्या, कुणी वळूनही बघत नाही. सुती सलवार-कुर्ता, ओढणी मात्र पाण्यात नको, भिजून जड होते आणि पायात गुंडाळते.

बॅगेत काय

सुटकेस आणू नका, मऊ पिशवी आणा. बोटीत चढताना सगळ्यांच्या चपला एका टोपलीत जातात, दिवसभर अनवाणी. दोन टॉवेल, बदलायचे कपडे, सनस्क्रीन, दोरी लावलेला गॉगल, टोपी हनुवटीखाली बांधता येईल अशी, नाहीतर वाऱ्याने गेलीच. मोबाइलला गळ्यात अडकवायचं प्लास्टिकचं पाकीट. संध्याकाळच्या फेरीला एक विंडचीटर, मेमध्ये आणि सप्टेंबर अखेरीस सूर्य गेल्यावर ओल्या अंगाने फार थंडी वाजते. आपली कातडी सावळी, आपल्याला ऊन लागत नाही, असं म्हणत सनस्क्रीन टाळू नका, पाण्यावरून ऊन परत वर येतं, माझ्या नवऱ्याच्या मानेची आणि पायाच्या वरच्या बाजूची सालं निघाली होती.

संडास छोटा असतो आणि त्यात कागद टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा. चढल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कसा वापरायचा ते दाखवतात तेव्हा लक्ष द्या, तो तुंबला की सगळ्यांची पंचाईत होते.

प्रत्यक्ष दिवस

व्लिहाडाहून निघालं की बोट दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेला जाते. पहिला थांबा बहुतेक व्हाइट बीच किंवा रेड बीचसमोर. रेड बीचच्या मागचा तांबडा कडा ढासळता आहे, दरडी पडतात, म्हणून बोटी लांबच नांगर टाकतात आणि तेच बरं, तांबड्या कड्याखाली हिरवट निळं पाणी लांबूनच जास्त खुलून दिसतं. याच्या अगदी जवळ अक्रोतिरी आहे, उद्रेकाच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर, तिथलं उत्खनन १९६७ला स्पिरिडॉन मारिनातोस यांनी सुरू केलं. जमलं तर क्रूझच्या आधी ते बघून घ्या, दोन-तीन मजली घरं, धान्याचे रांजण, सांडपाण्याची गटारं, सगळं राखेने जपून ठेवलंय. ते बघून मग बोटीतून तो राखेचा थर कड्यावर दिसतो तेव्हा अंगावर काटा येतो.

मग बेटाच्या टोकावरच्या १८९२ सालच्या दीपगृहाला वळसा घालून बोट त्या बुडालेल्या ज्वालामुखीच्या आत शिरते आणि एकदम सगळं बदलतं, वारा पडतो, पाणी गडद होतं, चहूबाजूंनी कडे. मधोमध दोन काळी बेटं आहेत, पालेआ कामेनी आणि नेआ कामेनी, म्हणजे जुनी जळकी आणि नवी जळकी. हा ज्वालामुखी अजून जिवंत आहे, शेवटचा उद्रेक १९५०चा. नेआ कामेनीचे दगड इतके काळे आणि धारदार आहेत की काल फुटलेत असं वाटावं.

गरम पाण्याचे झरे पालेआ कामेनीच्या एका खाचेत आहेत. यांच्याबद्दल नीट सांगते, कारण सगळ्यात जास्त अपेक्षाभंग इथेच होतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं डोक्यात ठेवून जाऊ नका, हे कोमट आहे, फार तर ३०-३५ अंश, आणि बोट तिथपर्यंत जात नाही. ती बाहेर खोल पाण्यात थांबते, तुम्ही थंड समुद्रात उतरायचं आणि खाचेपर्यंत पोहत जायचं, पन्नासएक मीटर तरी. पोहता पोहता पाणी आधी हिरवं, मग पिवळट, मग विटकरी होतं, गंधकाचा वास यायला लागतो, पायाला मऊ गाळ लागतो आणि पोटाखालून अचानक एक कोमट झोत जातो, लगेच थंड, परत कोमट. समोर छोटंसं पांढरं चर्च, कड्यावर बकऱ्या. पोहता येत नाही त्यांनी जॅकेट घालून, क्रूला सांगून, कुणाबरोबर तरीच जायचं, आणि परतीचं अंतरही मोजायचं, जाताना उत्साह असतो, येताना दम लागतो.

पाण्यात लोह आहे, पांढरा किंवा फिक्या रंगाचा पोहण्याचा ड्रेस कायमचा तांबूस होतो, जुना काळा घाला. आणि चांदी काढून ठेवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नणंद जोडवी आणि पैंजण घालून तशीच गेली, वर येऊन पाय पुसायला घेतले तर जोडवी पार काळीठिक्कर, पैंजणांचे घुंगरू तर निळसर काळे झालेले. ती घाबरलीच, लग्नातली होती. गंधकाने चांदी काळी पडते, बाकी काही होत नाही, घरी येऊन पितांबरीने घासल्यावर पहिल्यासारखी झाली, पण पुढचे आठ दिवस ती पाय लपवत फिरत होती. मंगळसूत्रही शक्यतो हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, काळे मणी ओवलेला दोरा खाऱ्या पाण्याने कमजोर होतो आणि तिथे तुटलं तर खाली गाळ आहे.

झऱ्यांनंतर जेवण, साधारण थिरासिया बेटाच्या आडोशाला. संध्याकाळची फेरी असेल तर शेवटी बोट इयाच्या खाली येऊन इंजिन बंद करते. ते इंजिन बंद झाल्यावरचं मिनिट फार सुंदर असतं. दिवसभर ती घरघर कानात असते आणि ती थांबली की लाटांचा चुबुकचुबुक आवाज, वर कुठेतरी चर्चची घंटा, आणि सगळे आपोआप हळू बोलायला लागतात. फोटो आधीच काढून घ्या, सूर्य पाण्याला टेकला की शेवटची दोन-तीन मिनिटंच असतात.

शिडं उभारली नाहीत म्हणून काही जण नाराज होतात. वारा कमी असेल किंवा नेमका समोरून असेल तर इंजिनवरच जावं लागतं, पाच तासांत सगळे थांबे बसवायचे असतात. तुम्हाला शिडावर जायचीच हौस असेल तर निघतानाच कॅप्टनला सांगा, दुपारचा वारा बाजूने असेल तर तो अर्धा तास तरी उभारून दाखवतो आणि मुलांना दोर ओढायला देतो.

उतरताना टोपलीतून आपल्याच चपला घ्या, अंधारात अदलाबदल होते. टिप सक्तीची नाही, पण त्या दोन-तीन पोरापोरींनी पाच तास उभ्याने राबून खाऊ घातलेलं असतं, आम्ही माणशी पाच-दहा युरो रोख दिले, त्यासाठी सुटे वेगळे ठेवा. त्याच रात्रीची फेरी किंवा विमान ठेवू नका, परतीची गाडी पाच हॉटेलं फिरत सोडते आणि तुमचं शेवटचं असू शकतं. खोलीवर गेल्यावर आधी सगळ्यांचे ओले कपडे गोड्या पाण्यातून काढून बाल्कनीत वाळत घाला, चिमटे घरून न्या, तिथे रात्रीच्या वाऱ्याने आमचा एक टॉवेल कड्याखाली गेला तो गेलाच.